साफसफाईनंतर टोल्यांचं घड्याळ परत जोडताना

आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरचं टोल्यांचं घड्याळ मी पहिल्यांदा खोलून, धुऊन परत जोडलं, तेव्हा टिकटिक पहिल्याच झटक्यात सुरू झाली. घरच्यांनी कौतुक केलं, चहा झाला. मग चार वाजले आणि घड्याळ वाजायला लागलं. चार झाले, सात झाले, बारा झाले, थांबायचं नाव नाही. तिसाच्या पुढे मी मोजणं सोडलं. शेजारच्या काकू गॅलरीतून विचारायला लागल्या, "काहून वाजून राहिलं वो ते एवढं?" चावी दोनच फेरे दिली होती म्हणून निभावलं. आतली कमान, म्हणजे चावीची स्प्रिंग, उतरली तेव्हाच ते गप्प झालं.

आतला एकही भाग चुकीच्या जागी नव्हता. सगळी चाकं आपापल्या भोकांत होती, सगळे नट घट्ट होते. टोले अडवणाऱ्या लोखंडी बोटांखाली दोन खाचा एकाच क्षणी यायला हव्यात, त्या वेगवेगळ्या क्षणी येत होत्या, एवढंच बिघडलं होतं. घड्याळ साफ कसं करायचं हे खूप जण सांगतात. जोडायचं कसं, तर "खोललं त्याच्या उलट क्रमानं जोडा" एवढ्यावर भागवतात. चालण्याच्या, म्हणजे काटे फिरवणाऱ्या चाकांच्या बाजूला ते लागू पडतं. टोल्यांच्या बाजूला अजिबात नाही. म्हणून हा लेख साफसफाई संपल्यानंतरचा आहे.

आपण बोलतोय ते भिंतीवरच्या, चावी द्यायची दोन भोकं असलेल्या, लंबकाच्या घड्याळाबद्दल. आपल्याकडच्या जुन्या घरांत सेकोशा, अँसोनिया, युंगहान्स अशा जपानी, अमेरिकन, जर्मन घड्याळांची बरीच चलती होती. नावं वेगळी, आतला संसार थोड्याफार फरकानं सारखाच. तबकडीला तीन भोकं असतील, म्हणजे पाव-पाव तासाला धून वाजत असेल, तर पहिला प्रयोग त्याच्यावर करू नका. मनगटी घड्याळाचं तर नावच नको.

कधी बसायचं आणि कुठे

नागपुरात हे काम मे महिन्यात करू नये. पंखा लावला तर धूळ आणि कापसाचे तंतू चाकांत जातात, बंद केला तर बोटांना घाम सुटतो. घामाच्या बोटानं धरलेल्या पोलादी आसावर आठवड्याभरात तांबूस ठसा उमटतो. पावसाळ्यात धुतलेले भाग नीट वाळत नाहीत. माझा मोसम डिसेंबरचा. हिवाळी अधिवेशन चालू असतं, बर्डीकडे, म्हणजे सीताबर्डीला जावंसं वाटत नाही, खिडकीतून ऊन तिरपं आत येतं आणि पंखा लागत नाही.

टेबलावर पांढरी चादर घाला आणि कडा आत दुमडा, म्हणजे निसटलेली पिन जमिनीवर न जाता चादरीतच अडकते. भाग ठेवायला मी घरातली इडलीपात्रं वापरते. एका ताटात चालण्याच्या बाजूचे भाग, दुसऱ्यात टोल्यांच्या बाजूचे, खालून वर त्याच क्रमानं. यात थट्टा नाही. दोन्ही बाजूंची दुसऱ्या क्रमांकाची चाकं इतकी सारखी दिसतात, की मिसळली तर दात मोजत बसावं लागतं. मोबाइलवर फोटो काढले असतीलच, तरी कुठली बोटं कुठल्या चाकाच्या वरून जातात आणि कुठली खालून, एवढं कागदावर हातानं काढून ठेवा. फोटोत नेमकी तीच जागा अंधारात असते.

हत्यारं फार लागत नाहीत. लांब टोकाचे दोन चिमटे, बारीक नाकाची पक्कड, नटांना बसणारा छोटा पाना, डोक्याला लावायचा टॉर्च, भिंग. इतवारीत सराफा ओळीच्या आसपास सोनारकामाच्या सामानात चिमटे आणि भिंग दोन्ही छान मिळतात. शिवाय सायकलच्या स्पोकचा एक तुकडा घ्या, टोक घासून त्याला छोटा आकडा करा आणि दुसऱ्या टोकाला लहानशी खाच पाडा. पूर्ण कामात सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. एक जाड हातमोजा आणि चष्मा जवळ ठेवा, ते कमानीसाठी.

जोडण्याआधी अर्धा तास तपासणीचा

प्रत्येक आसाच्या दोन्ही टोकांना सुईसारखी बारीक दांडी असते, तिला पिव्हट म्हणतात. चाकं ज्या दोन पितळी प्लेटांमध्ये बसतात, त्यांच्या भोकात ती फिरते. सगळे पिव्हट भिंगाखाली बघा. आरशासारखे गुळगुळीत हवेत. चरे दिसले तर आत्ताच घासून घ्या. मग बांबूची काडी टोकदार तासून प्रत्येक भोकात फिरवा. काडी काळी बाहेर आली की तासून पुन्हा फिरवा, अगदी कोरी बाहेर येईपर्यंत. धुतलेल्या प्लेटच्या भोकातूनही पहिल्या खेपेला काळं निघतंच.

आता एकेक चाक एकटंच दोन प्लेटांमध्ये धरून बघा. ते वर-खाली थोडं खेळायला हवं, पण डोलायला नको. भोक गोल न राहता एका बाजूला लांबट झालं असेल तर चाक कलतं आणि दात नीट मिळत नाहीत. अशा भोकात नवीन बुश, म्हणजे छोटी पितळी नळी, बसवावा लागतो. ते काम जाणत्याकडून करून घ्या, आणि आत्ताच. जोडून झाल्यावर पुन्हा खोलायचा धीर कोणाकडे नसतो.

कमान

इथे घाई केली तर रक्त निघतं. माझ्या डाव्या अंगठ्यावर पुरावा आहे. सेकोशा आणि अमेरिकन घड्याळांत कमान उघडी असते, डब्यात नसते. साधारण १९ मिलिमीटर रुंद आणि जवळपास अडीच मीटर लांब पोलादी पट्टी. तिचं एक टोक आसाच्या खुंटीला अडकतं, दुसऱ्या टोकाचा फासा प्लेटच्या खांबाला. मोकळी कमान घेऊन जोडणी करता येत नाही, ती सगळ्या टेबलभर पसरते. म्हणून ती आधी चावीनं गुंडाळून, ३ मिलिमीटर जाडीच्या तारेच्या उघड्या कडीत अडकवून ठेवतात. उतरवताना याच कड्या लावल्या असतील तर कमान तशीच गुंडाळलेली असेल. नसतील तर हातमोजा घालून, चावी घट्ट धरून, एकेक फेरा देत गुंडाळा आणि कडी चढवा. चावी सोडायच्या आधी खटका रॅचेटच्या, म्हणजे एकाच दिशेनं फिरणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातात पूर्ण बसलाय का ते डोळ्यांनी बघा, आवाजावर विसंबू नका. खटक्याची रिव्हेट ढिली असेल तर पुढे जाऊच नका. भरलेली कमान सुटली की चावी बोटं मोडते आणि चाकाचे दात सोलून काढते.

गुंडाळण्याआधी पट्टीवर कमानीच्या तेलाचा पातळ हात फिरवा. बोटाला चिकटेल इतकाच, ठिबकेल इतका नाही.

जर्मन घड्याळाची कमान बरेचदा पितळी डब्यात असते. ती हातानं आत भरली तर पट्टीला शंकूसारखा पीळ पडतो, मग ती डब्याच्या झाकणाला घासत राहते. तिच्यासाठी वाइंडर नावाचं यंत्र लागतं. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून भरून आणा, त्यात कमीपणा नाही.

खालची प्लेट आणि चाकं

ज्या प्लेटला खांब कायमचे रिव्हेट केलेले आहेत ती खाली. मधल्या चाकाचा आस प्लेटच्या आरपार बाहेर येतो, म्हणून प्लेट सरळ टेबलावर बसत नाही. पीव्हीसी पाइपचा चार इंची तुकडा किंवा पेढ्याचा रिकामा डबा खाली घ्या.

पहिल्यांदा दोन्ही मोठी चाकं कमानीसकट. फासे खांबांत घाला, कड्या बाहेरून काढता येतील अशा वळवा. मग चालण्याच्या बाजूला दुसरं चाक, मधलं चाक, तिसरं, आणि सर्वांत वर एस्केप व्हील, ज्याचे दात टोकदार आणि वाकडे असतात. टोल्यांच्या बाजूला दुसरं चाक, मग हातोडी उचलणाऱ्या खुंट्यांचं चाक आणि एक खाच असलेली कॅम नावाची चकती, मग एकच खुंटी असलेलं वॉर्निंगचं चाक, आणि शेवटी पंखा. पंखा म्हणजे पातळ पत्र्याचा आयत. हवेचा अडथळा घेऊन तो टोल्यांचा वेग आवरतो. आसावर तो हलक्या स्प्रिंगच्या दाबानं बसलेला असतो आणि चाकं अचानक थांबली की स्वतः थोडा घसरतो. बोटानं फिरवून बघा. अजिबात घसरत नसेल तर प्रत्येक थांब्याला धक्का बसेल. फारच सहज घसरत असेल तर टोले एकमेकांवर आदळतील.

बोटांचे आस आणि हातोडीचा आस चाकांबरोबरच ठेवायचे आहेत, नंतर आत जात नाहीत. त्यांच्या केसासारख्या बारीक तारांच्या स्प्रिंगा सध्या मोकळ्या राहू द्या. प्लेट बसली की आकड्यानं ओढून अडकवता येतात. उलट आधीच अडकवल्या तर त्या बोटांना तिरपं ओढतात आणि वरची प्लेट बसू देत नाहीत.

वरची प्लेट

पहिल्या वेळेला मला इथे दोन तास लागले आणि एक पिव्हट वाकला. आता वीस मिनिटं लागतात. फरक एकाच गोष्टीनं पडला, मी दाबायचं सोडून दिलं.

प्लेट सपाट ठेवून एकदम बसवायची नसते. आधी कमानींच्या बाजूनं, म्हणजे खालच्या दोन खांबांवर टेकवा. मोठ्या चाकांचे जाड पिव्हट सहज आत जातात. त्या दोन खांबांचे नट दोन-दोन आटेच फिरवा, कसू नका. आता प्लेट वरच्या टोकाला थोडी उघडी राहते, शिंपल्यासारखी. त्या फटीतून टॉर्च मारून, स्पोकच्या खाचेनं एकेका आसाला हलकेच सरकवत पिव्हट भोकासमोर आणा. खालून वर जा. दुसरं चाक बसलं की प्लेट एक केसभर खाली येते, मग मधलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी प्लेटवर एकच बोट ठेवलेलं, तेही प्लेट वर उठू नये म्हणून. वर जाताना खालचे निसटतात, निसटू द्या, पुन्हा बसवा. पंखा आणि एस्केप व्हील सगळ्यात शेवटी, कारण त्यांचे पिव्हट सगळ्यात बारीक.

पहिल्या वेळी शेवटचं एक टोक बसेना, म्हणून मी अंगठ्यानं प्लेट दाबली. "कट" असा अगदी लहान आवाज आला आणि प्लेट बसली. आनंदानं नट कसले. पंखा फिरवला तर तो भोवऱ्यासारखा डोलत होता. पिव्हट वाकलेला. इतवारीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांकडे गेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, न बोलता पंखा उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "ताई, जोर काहून लावून राहिल्या? प्लेट आपल्या वजनानं बसते. नाई बसली तर खाली कोणीतरी नाई म्हणून राहिलं असते." पिव्हट त्यांनी सरळ करून दिला. पैसे घेतले नाहीत, पण मला वीस मिनिटं समोर बसवून त्यांच्याकडचं एक घड्याळ माझ्या हातून बंद करवून घेतलं.

सगळे पिव्हट बसले की चारही नट हातानं टेकवा. आता प्रत्येक आस चिमट्यानं वर-खाली हलवून बघा. किंचित खेळ हवाच. एखादा घट्ट वाटला तर पिव्हट भोकात नाही, काठावर बसलाय. मग चालण्याच्या बाजूचं मोठं चाक बोटानं अगदी हळू ढकला. वरचं एस्केप व्हील भरभर फिरायला हवं आणि थांबताना अर्धा दात मागे यायला हवं. ते मागे येणं दिसलं की समजा ती बाजू मोकळी आहे. ज्या जागी अडखळतं तिथे दातांत काहीतरी अडकलंय, बहुधा ब्रशचा केस.

टोले जुळवणं

घड्याळ टोले मोजतं कसं हे आधी समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. काउंट व्हील नावाच्या चाकाच्या काठावर खोल खाचा असतात, एकमेकींपासून वाढत्या अंतरावर. एक बोट त्या काठावरून चालतं. खाच आली की बोट खाली पडतं आणि वाजणं थांबतं. दोन खाचांमधलं अंतर जितकं, तितके टोले. एकपासून बारापर्यंत बेरीज ७८. अर्ध्या तासाला एक टोला देणाऱ्या घड्याळात आणखी बारा, म्हणजे बारा तासांत ९०. या चाकाला काटे कुठे आहेत याची काहीच कल्पना नसते. ते फक्त मागच्या वेळी किती वाजवले यावरून पुढे जातं. म्हणूनच अशा घड्याळाचे टोले आणि काटे एकदा चुकले की चुकलेलेच राहतात.

या बोटाच्याच आसावर दुसरं बोट असतं, ते कॅमच्या खाचेत पडतं. कॅम दर टोल्याला एक फेरा घेते. तिसरं बोट वॉर्निंगचं. तासाच्या पाच-सहा मिनिटं आधी घड्याळ "कुर्रर्" असा छोटा आवाज करतं ना, ते हे. तेव्हा मधल्या आसाचं बोट टोल्यांचं कुलूप उघडतं, चाकं क्षणभर पळतात आणि वॉर्निंग चाकाची खुंटी या तिसऱ्या बोटाला अडते. नेमक्या तासाला ते बोट पडतं आणि टोले सुटतात. ती कुर्र ऐकून आजी गॅसवरचं दूध बघायला उठायची.

जुळवायचं ते असं. टोल्यांच्या चाकांना बोटानं हळू पुढे फिरवत, टोले संपतात त्या क्षणाला थांबा. त्या अवस्थेत चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हव्यात. मोजणीचं बोट खोल खाचेच्या मधोमध पडलेलं, कुठल्याही कडेला न टेकता. कॅमचं बोट कॅमच्या खाचेत पूर्ण खाली. हातोडीची शेपटी कुठल्याही खुंटीवर चढलेली नाही, हातोडी मोकळी. आणि वॉर्निंग चाकाची खुंटी वॉर्निंगच्या बोटापासून साधारण अर्धा फेरा दूर.

पहिल्या जोडणीत हे चारही एकदम जमणं म्हणजे लॉटरी. जमलं नाही तर सगळं खोलू नका. खालचे नट तसेच ठेवा, टोल्यांच्या बाजूच्या वरच्या खांबाचा नट सैल करा, प्लेटचा तेवढा कोपरा दोन मिलिमीटर उचला, हवं ते चाक पिव्हटातून सोडवून एक दात पुढे-मागे करा, परत बसवा. एका वेळी एकच दात आणि एकच चाक, नाहीतर कुठून आलो हे विसरायला होतं.

क्रमही महत्त्वाचा. मोजणीचं बोट आणि कॅम आधी जुळवा. माझं घड्याळ थांबत नव्हतं ते याचमुळे. मोजणीचं बोट खाचेवर यायचं तेव्हा कॅमची खाच दुसरीकडे असायची, म्हणून बोट पडायचंच नाही आणि पुढच्या खाचेकडे निघून जायचं. त्यानंतर हातोडी. ती अर्धवट उचललेली राहिली तर कमानीला सुरुवातीलाच ओझं उचलावं लागतं. चावी ताजी असताना चालून जातं, सहाव्या दिवशी टोले मुके होतात आणि लोक म्हणतात कमान गेली. शेवटी वॉर्निंगची खुंटी. ती बोटाच्या फार जवळ असेल तर कुलूप उघडायच्या आत अडते. फेऱ्याच्या शेवटी असेल तर कुर्र इतकी लांबते की एक टोला आधीच पडतो.

काही घड्याळांत काउंट व्हीलऐवजी तासाच्या नळीवर गोगलगाईच्या शंखासारखी पायऱ्यांची चकती असते आणि तिच्यावर दातेरी पट्टी पडते. ही रॅक पद्धत १६७६ मध्ये एडवर्ड बार्लो या इंग्रजानं काढली. तिचा फायदा असा की टोले काट्यांबरोबरच बांधलेले राहतात, कितीही वेळा वाजवा, आकडा तोच येतो. हातोडी आणि वॉर्निंगचे नियम तिलाही तेच. फक्त वाजणं संपल्यावर पट्टी ओढणारा छोटा दात पट्टीपासून मोकळा राहतो का, ते बघा.

आता नट कसा, केसासारख्या स्प्रिंगा अडकवा, कड्या काढा. कडी काढताना आधी चावीनं कमान थोडी गुंडाळायची, कडी सैल झाली की चिमट्यानं ओढायची. हातमोजा पुन्हा घाला. मग टोल्यांच्या बाजूला फक्त दोन अर्धे फेरे चावी द्या आणि मधला आस हातानं फिरवत पूर्ण बारा तास वाजवून घ्या. मधूनच "जमलं" म्हणून सोडू नका. माझं एकदा दहापर्यंत बरोबर होतं आणि अकराची खाच मळानं अर्धी भरलेली निघाली.

तेल

खोबरेल नाही. शिलाई मशीनचं तेलही नाही, ते पातळ असतं, पसरून प्लेटभर जातं आणि भोक कोरडं राहतं. घड्याळाचं तेल वेगळं मिळतं, छोटी बाटली दहा वर्षं पुरते. प्रत्येक पिव्हटाभोवती प्लेटला बशीसारखा खळगा असतो, तो सुईच्या टोकानं अर्धा भरा. तेल ओघळलं तर जास्त झालं, टिपून घ्या. चाकांच्या दातांना तेल अजिबात नाही. आपल्याकडची धूळ त्यावर बसली की पॉलिश पेपरच तयार होतो. पॅलेटच्या, म्हणजे पुढे बसवायच्या अँकरच्या नखांच्या, ज्या दोन तिरप्या पृष्ठभागांवर एस्केपचे दात घासतात, तिथे ओलावा दिसेल इतकंच. तेल जोडणीनंतर द्यायचं, आधी नाही.

लंबक, काटे, ठोका

अँकर म्हणजे दोन नखांची वाकडी पट्टी, ती एस्केप व्हीलवर बसवा. ती ज्या तुकड्यावर टेकते तो सरकवता येतो. तो हलवायचा मोह होईल, हलवू नका. तिच्यापासून खाली आलेली तार लंबकाला ढकलते, तिला क्रच म्हणतात. लंबक ज्या पातळ पट्टीला टांगतात ती कागदासारखी असते. तिच्यात जराशीही मोड असेल तर लंबक सरळ न झुलता गोल फिरतो. अशी पट्टी बदलाच, सरळ करत बसू नका.

यंत्र पेटीत बसवलं, तबकडी लावली, की तासाचा काटा दाबून बसवा, मिनिटकाटा चढवून वॉशर आणि पिन घाला. मिनिटकाटा बारावर आल्यावरच टोले सुटले पाहिजेत. दोन मिनिटं इकडे-तिकडे असेल तर काट्याच्या मागची पितळी चकती थोडी फिरते, तिथे दुरुस्त करा. किती टोले पडले ते मोजा आणि तासाचा काटा हातानं फिरवून त्याच आकड्यावर आणा. तो घर्षणानं बसलेला असतो, फिरतो. घड्याळाला समजावत बसण्यापेक्षा काट्याला समजावणं सोपं.

आता ठोका. टिक आणि टाक यांच्यातलं अंतर सारखं हवं. "टिक-टाक, टिक-टाक" असं एकसारखं, "टिकटाक… टिकटाक…" असं लंगडं नाही. लंगडं घड्याळ तासाभरात थांबतं. आमच्या बैठकीच्या भिंतीवर आजीनं पेन्सिलीनं एक तिरपी रेघ ओढली होती. पेटीची खालची कड त्या रेघेला लागली तरच घड्याळ चालायचं. साफसफाईला काढलं की परत टांगताना घरात भांडण व्हायचं, "रेघेला लाव, रेघेला!" मी लहानपणापासून ते घड्याळ वाकडंच बघितलं. त्याचा स्वभावच तसा आहे असं वाटायचं. कुणीतरी कधीतरी क्रच वाकवला होता, एवढंच.

दुरुस्ती अशी. पेटी ओळंब्यानं सरळ टांगा. लंबक थांबवा, बोटानं हळू डावीकडे न्या, टिक ऐकू येईल तिथे थांबा, किती सरकला बघा. मग उजवीकडे. दोन्ही अंतरं सारखी असतील तर ठोका बरोबर. उजवीकडे जास्त न्यावं लागत असेल तर क्रच डावीकडे, म्हणजे कमी अंतराच्या बाजूला, किंचित वाकवा. डावीकडे जास्त तर उलट. वाकवताना क्रचचं वरचं टोक दुसऱ्या हातानं घट्ट धरा, नाहीतर जोर अँकरवर जातो. दोन-तीनदा करावं लागतं. शेवटचं बारीक जुळवणं डोळे मिटून, कानानं.

वेळ पकडणं

पहिला दिवस फक्त चालू द्या, वेळ बघू नका. दुसऱ्या दिवसापासून आकाशवाणीच्या पिप्सवर किंवा मोबाइलवर मिळवा आणि चोवीस तासांनी किती फरक पडला ते लिहा. मागे पडत असेल तर गोळा वर, पुढे जात असेल तर खाली. लंबक लांब झाला की सावकाश झुलतो. २५ सेंटिमीटरच्या लंबकात एक मिलिमीटरनं दिवसाला जवळपास तीन मिनिटांचा फरक पडतो, म्हणून गोळ्याखालचा नट पाव-पाव फेराच फिरवा आणि पुढचे चोवीस तास गप्प बसा.

आपल्या हवेचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. पोलादी दांडा एका अंशाला दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पाडतो. जानेवारीत घरात २० अंश आणि मे महिन्यात ३६ धरले, तर दिवसाला आठ सेकंद, आठवड्याला मिनिटभर. हा बिघाड नाही. होळीनंतर नट किंचित वर, दिवाळीनंतर परत खाली. मी कॅलेंडरवर लिहून ठेवते.

आणि कूलरच्या तोंडासमोर घड्याळ टांगू नका. पूर्वी आमच्या बैठकीत खिडकीतला कूलर नेमका त्याच भिंतीवर हवा फेकायचा. दोन उन्हाळ्यांत पंख्याच्या आसावर आणि कमानीवर गंज चढला. मला घड्याळ खोलावं लागलं ते मुळात त्यामुळेच. आता घड्याळ तिथेच आहे, कूलर मागच्या खोलीत गेला. यावर घरात मतभेद आहेत.

चावी रविवारी सकाळी, पोह्यांच्या आधी. बहुतेक घड्याळांत उजवं भोक चालण्याचं, डावं टोल्यांचं. दोन्हींना सारखेच फेरे.

घड्याळ आता सरळ आहे. आजीची रेघ पेटीच्या खालून डाव्या बाजूला बोटभर बाहेर दिसते. दिवाळीत रंग द्यायचाय, पेंटरला तेवढा तुकडा सोडायला सांगितलंय.